गणिताच्या उत्तरपत्रिका न्यायाने आणि एका मापाने तपासणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा जिल्ह्यातील माध्यमिक शाळांत गणित शिकवताना सत्रपरीक्षा संपली, की शिक्षकखोलीत आणि पालकसभेत जे प्रश्न वर्षानुवर्षे पुन्हा समोर येतात, ते येथे एकत्र केले आहेत. नव्याने रुजू झालेले शिक्षक डोळ्यांसमोर ठेवून बहुतेक उत्तरे लिहिली आहेत. काही उत्तरे पालकांनाही उपयोगी पडतील. येथे सांगितलेले शालेय परीक्षांसाठी आहे. मंडळाच्या परीक्षेत मंडळाने दिलेली सूचनाच अंतिम असते आणि परीक्षकाने तेथे स्वतःचे मत बाजूला ठेवायचे असते.

गणिताचे उत्तर एक तर बरोबर असते किंवा चूक. मग दोन शिक्षकांच्या गुणांत फरक पडतोच कसा?

हा समज फार जुना आहे आणि तो तपासूनही पाहिला गेला आहे. १९१३ मध्ये अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या दोन अभ्यासकांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतली, तेव्हा त्या एकाच पेपरला शंभरपैकी तिसाच्या आतपासून नव्वदीच्या पुढपर्यंत गुण पडले. त्याआधी, १८८८ मध्येच, एजवर्थ या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने परीक्षेच्या गुणांत योगायोगाचा वाटा किती असतो याचे गणित मांडले होते.

फरक शेवटच्या ओळीत पडत नाही. तो मधल्या ओळींत पडतो. चार गुणांच्या उदाहरणात शेवटचे उत्तर चुकले, तर एक शिक्षक तीन गुण देतो, दुसरा दोन देतो आणि तिसरा ‘उत्तरच नाही’ म्हणून एकावर थांबतो. तिघेही प्रामाणिक असतात, परंतु कोणत्या पायरीला किती गुण हे त्यांनी आधी ठरवलेले नसते, म्हणून प्रत्येकाचे माप वेगळे राहते.

गुणदान योजना केव्हा आणि कशी करावी?

प्रश्नपत्रिका काढतानाच करावी, म्हणजे छपाईला जाण्यापूर्वी. गठ्ठा हातात आल्यावर केलेली योजना पहिल्या दोन-चार उत्तरपत्रिकांकडे पाहून वाकते. प्रश्न काढणाऱ्याने तो स्वतः कागदावर संपूर्ण सोडवावा, प्रत्येक गुण कोणत्या कृतीसाठी आहे हे समासात लिहावे आणि मगच प्रश्न पक्का करावा. असे केल्यावर अनेकदा लक्षात येते, की तीन गुणांच्या म्हणून घातलेल्या प्रश्नात खरे तर दोनच पायऱ्या आहेत.

एक उदाहरण घेऊ. ‘आयताकृती वाफ्याची लांबी रुंदीपेक्षा ३ मीटरने जास्त आहे व क्षेत्रफळ ४० चौरस मीटर आहे, तर लांबी व रुंदी काढा.’ रुंदी क्ष मानून समीकरण मांडण्यासाठी एक गुण, अवयव पाडण्यासाठी एक, ५ आणि उणे ८ या दोन्ही किमतींसाठी एक, आणि उणे ८ ही किंमत नाकारून ५ मीटर व ८ मीटर असे उत्तर लिहिण्यासाठी एक, अशी सरळ विभागणी होते. खरा प्रश्न शेवटच्या गुणाचा आहे. विद्यार्थ्याने ‘रुंदी ऋण असू शकत नाही’ हे वाक्य न लिहिता थेट ५ आणि ८ लिहिले, तर तो गुण द्यायचा का? माझे मत असे, की दोन्ही किमती कागदावर दिसत असतील आणि त्यांपैकी योग्य तीच पुढे घेतली असेल, तर निवड झालेली आहे आणि गुण द्यावा; उणे ८ कोठेच आलेले नसेल, तर त्याआधीचा दोन्ही किमतींचा गुण जातो. एखाद्या शाळेला हे पटणार नाही, आणि ते चालेल. एकाच शाळेतील ‘अ’ तुकडीला एक न्याय आणि ‘ब’ तुकडीला दुसरा, हे मात्र चालणार नाही.

योजनेत केवळ आदर्श उत्तर लिहून भागत नाही. विद्यार्थी कोणत्या चार वाटांनी जातील आणि कोठे अडखळतील, हेही तिच्यात हवे. ही यादी आधी कधीच पूर्ण होत नाही. पहिल्या दहा उत्तरपत्रिका पेन्सिलीने तपासून ती पुरी करावी, आणि नवा निर्णय घेतला तर तो तारखेसह लिहून ठेवून मागच्या दहा पुन्हा पाहाव्यात.

सुरुवातीची एक चूक उदाहरणभर पुढे गेली, तर प्रत्येक पायरीला गुण कापायचे का?

नाही. एका चुकीची शिक्षा एकदाच.

पाण्याच्या दंडगोलाकृती टाकीचा व्यास २.८ मीटर, उंची ३ मीटर, आणि तिच्यात किती लीटर पाणी मावेल असा प्रश्न आहे, असे समजू. त्रिज्या १.४ मीटर, घनफळ १८.४८ घनमीटर आणि उत्तर १८,४८० लीटर. एक विद्यार्थिनी व्यासालाच त्रिज्या समजते. तिचे घनफळ ७३.९२ घनमीटर येते आणि ती ७३,९२० लीटर असे लिहिते. त्रिज्या, सूत्रात किमती घालणे, आकडेमोड आणि लीटरमध्ये रूपांतर असे चार गुण असतील, तर तिचा पहिला गुण गेला. पुढच्या तिन्ही पायऱ्या तिने स्वतःच्या किमतीवर अचूक केल्या आहेत, तेव्हा तिला चारपैकी तीन मिळायला हवेत. ‘उत्तर चारपट आले, तरी तीन गुण?’ असे काही सहकारी विचारतात. ज्या मुलाला घनफळाचे सूत्रच आठवले नाही आणि ज्या मुलीने व्यासाचे निम्मे करायचे राहून दिले, त्या दोघांना एकाच पायरीवर बसवणे हा मला अन्याय वाटतो.

या नियमाला दोन मर्यादा आहेत. चुकीमुळे उदाहरण सोपे झाले, तर सोपे झालेल्या भागाचे गुण मिळत नाहीत. वर्गसमीकरणातील मधले पद उतरवताना गळाले आणि उरलेले समीकरण नुसते वर्गमूळ घेऊन सुटले, तर अवयवांचा गुण देता येत नाही, कारण अवयव पाडण्याचे काम झालेलेच नाही. दुसरी मर्यादा अशी, की चुकीमुळे उत्तर उघडपणे अशक्य आले असेल आणि विद्यार्थ्याने ते तसेच लिहिले असेल, तर शेवटच्या पायरीचा गुण राखून ठेवता येतो. अर्थात, हे योजनेत आधीच लिहिलेले असेल तरच.

प्रश्नपत्रिकेतून आकडा उतरवताना झालेली चूक याच नियमात बसते. ६३ ऐवजी ३६ घेतले आणि काठिण्य तेवढेच राहिले, तर एक गुण कापून बाकीचे उदाहरण त्याच्याच आकड्यावर तपासावे. लहान वर्गांत आकडे तोंडी सांगितले जातात, तेथे ही अदलाबदल निष्काळजीपणाच असते असे मानू नये. ‘त्रेसष्ट’ म्हणताना आपल्या भाषेत तीन आधी ऐकू येतो आणि साठ नंतर. २०१९ मध्ये दुसरीच्या पाठ्यपुस्तकात ‘साठ तीन’ अशी संख्यावाचनाची रीत आली, तेव्हा राज्यभर वाद झाला होता, तो याच अडचणीभोवतीचा होता.

उत्तर बरोबर आले, पण पद्धत चुकीची असेल तर?

पद्धतीचे गुण मिळत नाहीत. १६/६४ या अपूर्णांकात अंशातला आणि छेदातला ६ खोडला, तरी १/४ हेच बरोबर उत्तर उरते. परंतु ते गणित नव्हे. एका चुकीने दुसरी चूक झाकली जाते, असेही घडते: चिन्ह दोनदा चुकले, की उत्तर पुन्हा जागेवर येते. फक्त शेवटची ओळ पाहून बरोबरची खूण करणारा शिक्षक येथे फसतो आणि विद्यार्थ्याला वाटते, की आपली रीत योग्यच आहे. हे पालकांनाही सांगावे लागते, कारण ‘उत्तर जुळले, तरी गुण का कापले?’ हा प्रश्न पालकसभेत हमखास येतो.

वर्गात न शिकवलेल्या पद्धतीने सोडवले तर?

पद्धत गणिती दृष्ट्या योग्य असेल, तर पूर्ण गुण द्यावेत. ती आपल्याला पहिल्या वाचनात कळली नाही, म्हणून ती चुकीची ठरत नाही. अशी उत्तरपत्रिका बाजूला ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वाचावी किंवा सहकाऱ्याला दाखवावी.

प्रश्नातच पद्धत सांगितली असेल, तर गोष्ट वेगळी होते. ‘क्रेमरच्या पद्धतीने सोडवा’ असे विचारले असताना विद्यार्थ्याने एका चलाचा लोप करून बरोबर उत्तर काढले, तर त्या पद्धतीतील निश्चयकांसाठी ठेवलेले गुण त्याला देता येत नाहीत. अंतिम उत्तराचा गुण द्यावा. म्हणून पद्धतीचे नाव प्रश्नात घालण्यापूर्वी आपल्याला खरोखर तीच पद्धत तपासायची आहे का, हे प्रश्न काढणाऱ्याने स्वतःला विचारावे.

विद्यार्थ्याने पायऱ्या न लिहिता फक्त उत्तर लिहिले तर?

एका गुणाच्या प्रश्नात पूर्ण गुण द्यावा. तीन-चार गुणांच्या प्रश्नात उत्तराचा गुण द्यावा आणि पायऱ्यांचे देऊ नयेत, मात्र ‘सर्व पायऱ्या दाखवा’ अशी सूचना प्रश्नपत्रिकेवर ठळक असली पाहिजे. सूचना नसताना गुण कापणे योग्य नाही.

भूमितीच्या सिद्धतेत विधान बरोबर आणि कारण चूक असेल, तर गुण कसे द्यावेत?

भूमितीत सर्वाधिक मतभेद येथेच होतात, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

समद्विभुज त्रिकोणात शिरोबिंदूतून पायावर टाकलेला लंब पायाला दुभागतो, हे सिद्ध करायचे आहे. विद्यार्थी दोन काटकोन त्रिकोण घेतो, कर्ण समान आहेत हे पक्षावरून लिहितो, लंब ही सामाईक बाजू लिहितो, दोन्ही कोन काटकोन आहेत हे लिहितो, आणि पुढे ‘बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटीनुसार त्रिकोण एकरूप’ असे लिहून मोकळा होतो. त्याची माहिती पूर्ण आहे, निष्कर्ष बरोबर आहे, पण काटकोन हा कर्ण आणि लंब यांनी समाविष्ट केलेला कोन नाही, त्यामुळे येथे बाकोबा लागत नाही. कर्णभुजा कसोटी लागते. येथे फक्त कसोटीचा गुण जावा. समान घटक ओळखण्याचे आणि शेवटी पायाचे दोन भाग समान असल्याचे काढण्याचे गुण त्याला मिळावेत.

दुसरा विद्यार्थी तिसऱ्याच ओळीत ‘पायाचे दोन्ही भाग समान’ असे गृहीत धरतो आणि बाबाबा (बाजू-बाजू-बाजू) कसोटी लावतो. त्याची मांडणी पहिल्यापेक्षा नीटनेटकी दिसते, एकही ओळ खोडलेली नसते, आणि घाईत तपासणारा त्याला पूर्ण गुण देऊन जातो. वास्तविक त्याने जे साध्य आहे तेच वापरले आहे. पक्ष, साध्य आणि आकृती यांचा गुण द्यावा. सिद्धतेचा देता येत नाही. सिद्धता तपासताना डोळा प्रत्येक ओळीवरून ‘हे याआधी कोठून आले?’ असे विचारत गेला पाहिजे.

कारण शब्दशः पाठ्यपुस्तकातलेच असावे, असा आग्रह धरू नये. ‘व्युत्क्रम कोन’ न लिहिता ‘समांतर रेषांमुळे हे कोन समान’ असे लिहिले आणि आकृतीत नेमके तेच कोन दाखवले असतील, तर मी गुण देतो. सेमी-इंग्रजीच्या वर्गांत मराठी आणि इंग्रजी संज्ञा एकाच उत्तरात मिसळतात. तेथेही अर्थ पाहावा.

भौमितिक रचनेत किती फरक चालवून घ्यावा?

लांबीत एक मिलिमीटर आणि कोनात एक अंश ही मर्यादा मी वापरतो. नववी-दहावीला ती पुरेशी आहे. बरोबर रचना पारदर्शक कागदावर काढून ती प्रत्येक उत्तरावर ठेवून पाहिली, की तपासणी जलदही होते आणि सर्वांना सारखीही होते. शाळेची छायाप्रत यंत्रे आकृती किंचित लहान-मोठी करतात, म्हणून प्रश्नपत्रिकेवर छापलेली आकृती मोजायला सांगितली असेल, तर मूळ प्रत न मोजता मुलांच्या हातात गेलेली प्रत मोजावी. बाह्यबिंदूतून वर्तुळाला स्पर्शिका काढताना लंबदुभाजकाचे कंस दिसत नसतील आणि पट्टी नजरेने टेकवून रेषा ओढलेली असेल, तर रेषा अचूक असली तरी रचनेचे गुण मिळत नाहीत.

एकके, पायची किंमत आणि अंकांचे लेखन यांबाबत काय करावे?

एकक राहिले, तर एका उदाहरणात अर्धा गुण आणि संपूर्ण पेपरात जास्तीत जास्त एक गुण कापावा, असे आम्ही ठरवले आहे. पायसाठी २२/७ किंवा ३.१४ यांपैकी काय घ्यायचे हे प्रश्नात सांगितले नसेल, तर दोन्ही उत्तरे मान्य करावीत. वरच्या टाकीचे घनफळ ३.१४ घेऊन १८.४६३२ येते, तेही बरोबरच आहे. देवळातील दीपमाळेची उंची १५ मीटर अंतरावरून ३० अंशांच्या उन्नत कोनाने काढायची असेल, तर ५√३ मीटर, ८.६५ मीटर आणि ८.६६ मीटर ही तिन्ही उत्तरे योजनेत आधीच लिहून ठेवावीत.

अंकांबाबत आपल्याकडची एक खास अडचण आहे. घाईत लिहिलेला देवनागरी एक आणि इंग्रजी नऊ सारखेच दिसतात. देवनागरी पाच आणि इंग्रजी चार यांचाही घोटाळा होतो. शंका आली, तर त्याच विद्यार्थ्याने त्या पानावर इतरत्र कोणते अंक वापरले आहेत ते पाहावे आणि पुढची आकडेमोड कोणत्या अर्थाने जुळते ते तपासावे. तरीही उलगडा झाला नाही, तर संशयाचा फायदा विद्यार्थ्याला द्यावा.

खोडलेले उत्तर आणि जास्तीचा सोडवलेला प्रश्न तपासायचा का?

खोडलेल्याच्या जागी दुसरे उत्तर लिहिले असेल, तर नवे तपासावे. काहीच लिहिलेले नसेल आणि खोडलेले वाचता येत असेल, तर ते तपासावे. ‘कोणतेही चार’ असताना पाच सोडवले असतील, तर पाचही तपासून सर्वाधिक गुणांचे चार धरावेत. हे सर्वांसाठी सारखे ठेवले, की वाद उरत नाही.

पन्नास-साठ पेपरांचा गठ्ठा कसा तपासावा?

प्रश्नानुसार. सर्व उत्तरपत्रिकांतील पहिला प्रश्न आधी, मग सर्वांतील दुसरा. यामुळे एका प्रश्नाची योजना डोक्यात पक्की राहते, आणि पहिल्या पानावर छाप पाडणाऱ्या मुलाला शेवटच्या पानावर फुकटचे गुण मिळत नाहीत. प्रत्येक प्रश्नानंतर गठ्ठ्याचा क्रम बदलावा, कारण चार उत्तम उत्तरांनंतर आलेले मध्यम उत्तर आपल्याला आहे त्यापेक्षा कच्चे भासते आणि चार कोऱ्या पानांनंतर तेच उत्तर चांगले भासते. मुखपृष्ठ दुमडून नाव झाकावे. रात्री उशिरा तपासू नये. सगळे संपल्यावर पहिल्या पाच उत्तरपत्रिका गुण न पाहता पुन्हा तपासाव्यात. दोन दिवसांत आपला हात सैल पडला की आवळला, हे त्यावरून कळते.

दोन शिक्षकांची सरासरी जुळली, म्हणजे गुणदान जुळले असे समजावे का?

समजू नये. समजा दोघांनी तेच दहा पेपर तपासले आणि दोघांचीही सरासरी ४० पैकी २४ आली. परंतु एकाने पहिल्याला २० आणि दुसऱ्याला २८ दिले, दुसऱ्याने नेमके उलटे दिले, तर सरासरी तीच राहते आणि दोन मुलांचे नुकसान मात्र झालेले असते. म्हणून पेपरागणिक फरक पाहावा. एक शिक्षक सर्वांनाच दोन गुण कमी देतो, हा दोष सोपा आहे: तो दिसतो आणि दुरुस्त होतो. एकाला तीन जास्त, दुसऱ्याला तीन कमी देणारा हात अधिक धोक्याचा, कारण तो बेरजेत लपतो.

आमच्याकडे उपयोगी पडलेली रीत अशी: निरनिराळ्या पातळीच्या पाच उत्तरपत्रिकांच्या छायाप्रती काढाव्यात, प्रत्येक शिक्षकाने त्या स्वतंत्रपणे तपासाव्यात आणि मग एकत्र बसून जेथे एकापेक्षा जास्त गुणांचा फरक आहे, तेवढ्याच जागांवर बोलावे. ज्येष्ठ शिक्षकाने आपले गुण सर्वांत शेवटी सांगावेत. आधी सांगितले, की चर्चा तेथेच संपते.

जावळी किंवा महाबळेश्वर तालुक्यातील लहान शाळेत गणिताचा शिक्षक एकटाच असतो. त्याने काय करावे?

वीस मुलांच्या वर्गात नाव झाकूनही अक्षर ओळखू येते, हे खरे आहे. जवळच्या शाळेतील गणित शिक्षकाशी गठ्ठ्याची अदलाबदल करणे हा सर्वांत चांगला मार्ग आहे. पावसाळ्यात घाटातून येणे-जाणे कठीण होते, तेव्हा निदान तीन-चार उत्तरांची छायाचित्रे भ्रमणध्वनीवरून पाठवून दुसऱ्याचे मत घ्यावे, आणि पाठवताना मुलाचे नाव झाकावे.

३३ किंवा ३४ गुणांवर थांबलेल्या विद्यार्थ्याचे काय करायचे?

त्याचा पेपर पुन्हा तपासावा, परंतु गुण शोधण्यासाठी नव्हे. ३५ च्या खालचे दोन पेपर पुन्हा पाहिले, तर ३५ आणि ३६ चेही पाहावेत, नाहीतर ती फेरतपासणी एकतर्फी होते. सवलतीचे गुण द्यायचे असतील, तर ते नियमानुसार वेगळ्या रकान्यात दिसले पाहिजेत. उत्तराच्या समासात अर्धा-अर्धा करून मिसळलेले गुण पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला चुकीची माहिती देतात. ‘गुणदान’ या शब्दातील ‘दान’ मला नेहमी खटकते. मुलाने कमावलेले त्याच्या पदरात टाकायचे असते, त्यात आपल्या पदरचे काही नसते.

सर्वांत जास्त नुकसान कोणत्या चुकीमुळे होते?

बेरजेच्या आणि न तपासलेल्या पानाच्या. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत नववीच्या एका मुलीच्या उत्तरपत्रिकेची दोन पाने चिकटलेली होती आणि मधले चार गुणांचे उदाहरण मी पाहिलेच नाही. तिने ते स्वतः येऊन दाखवले नाही. पेपर वाटल्यावर ती गप्प बसली, आणि तिच्या मैत्रिणीने मला सांगितले. तेव्हापासून मी प्रत्येक लिहिलेल्या पानाच्या कोपऱ्यात खूण करतो, पुरवणी धरून पाने मोजतो, आणि एकदा प्रश्नानुसार व एकदा पानानुसार अशी दोनदा बेरीज करतो. दोन्ही बेरजा जुळल्याशिवाय मुखपृष्ठावर आकडा लिहीत नाही. एका पेपराला यासाठी मिनिटभर लागते.

दहावीच्या गुणांबद्दल शंका असेल, तर पालकांनी काय करावे?

सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे जिल्हे राज्य मंडळाच्या कोल्हापूर विभागात येतात. गणिताचे भाग एक आणि भाग दोन असे प्रत्येकी ४० गुणांचे दोन लेखी पेपर असतात आणि २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. मंडळाच्या उत्तरपत्रिका परीक्षक तपासतात आणि त्यांवर नियामक व मुख्य नियामक देखरेख करतात. निकालानंतर गुणपडताळणी करता येते. पुनर्मूल्यांकन हवे असेल, तर आधी उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत घ्यावी लागते. ती प्रत हातात आल्यावर घाईने अर्ज करू नये. विषयशिक्षकासोबत बसून प्रत्येक पायरी पाहावी, आणि कोणत्या ओळीचा गुण राहिला हे बोट ठेवून सांगता येत असेल तरच पुढे जावे.

शाळेतील तपासलेले पेपर मुलांना परत दाखवावेत का?

दाखवलेच पाहिजेत, आणि सोबत गुणदान योजनाही फळ्यावर लिहावी. मुलांना एक तासिका देऊन स्वतःचा पेपर योजनेशी ताडून पाहू द्यावा आणि शंका कागदावर लिहून घ्याव्यात: प्रश्न क्रमांक, ओळ आणि मागणीचे कारण. तोंडी गर्दीत धीट मुलांचे गुण वाढतात आणि अबोल मुलांचे तसेच राहतात; लेखी शंकेत दोघांना सारखी संधी मिळते. एखाद्याची शंका खरी निघाली, तर तोच निर्णय त्या प्रश्नापुरता संपूर्ण वर्गाच्या गठ्ठ्याला लावावा, मग ज्यांनी विचारले नाही त्यांचे पेपर पुन्हा उघडावे लागले तरी चालेल.